स्मृतीची स्थळे : आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य यांचे चरित्र

सांगली जिल्ह्याच्या वाळवे तालुक्यात आष्टा हे गाव आहे. पूर्वी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा करण्यात आला, तेव्हा आष्टा त्यात गेले. पुढे १९६० साली त्याच जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. अशा रीतीने बारा वर्षांच्या आत सरकारी कागदोपत्री या गावाचा जिल्हा दोनदा पालटला. परंतु ज्याचे बालपण त्या गावात गेले, त्याच्या दृष्टीने काय पालटले? ज्या उंबऱ्यावर आई बसत असे तो उंबरा, ज्या विहिरीवर पोहायला शिकला ती विहीर, ज्या वाटेने वडिलांचे बोट धरून शेतावर गेला ती वाट, ही सर्व त्याला जशीच्या तशी आपली वाटतात. उद्या ते घर विकले गेले आणि विहीर बुजली, तरीही त्या जागेवरून जाताना त्याचे पाऊल क्षणभर थबकते.

हा अनुभव सर्वांचा आहे. म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. एखादे स्थळ आपणांस आपले का वाटते? ते सुंदर असते म्हणून म्हणावे, तर त्याहून शतपटीने रमणीय स्थळे आपण पाहतो आणि विसरतो. ते आपल्या मालकीचे असते म्हणून म्हणावे, तर विकलेल्या घराची आठवण अधिकच दाटून येते. केवळ सवयीने म्हणावे, तर वर्षानुवर्षे ज्या वाटेने ये-जा केली त्या वाटेविषयी काहीच वाटत नाही, आणि जेथे एकच रात्र काढली ते स्थळ जन्मभर मनात राहते. तेव्हा कारण निराळे आहे. त्या स्थळी आपणांस कोणाचा तरी सहवास घडलेला असतो. स्थळ हे त्या सहवासाची खूण होऊन राहते.

साधुजनांपुढे येथे एक पेच उभा राहतो. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी आपल्या अनुयायांस घर, गाव आणि देश यांचा संबंध सोडावयास सांगितले. जेथे कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी, झाडातळी जन्म क्षेपावा, हा त्यांचा उपदेश सर्वांस ठाऊक आहे. आणि त्याच स्वामींचे अनुयायी गेली सातशे वर्षे गावोगावच्या ओट्यांपुढे दंडवत घालीत आले आहेत. ज्याने स्वतःच्या घराचा उंबरा सोडला तो परगावच्या एका शिळेपुढे का लवतो? या प्रश्नाचे उत्तर तत्त्वचर्चेने देता येईल. परंतु त्याहून स्पष्ट उत्तर एका चरित्रात मिळते. ते चरित्र आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य यांचे होय.

जन्म आणि पूर्वायुष्य

परंपरेनुसार नागदेवाचार्यांचा जन्म शके ११५८ म्हणजे इ. स. १२३६ साली झाला. संप्रदायात ते भटोबास या नावाने ओळखले जातात. त्यांच्या मातेचे नाव आबाइसा, बहिणीचे नाव उमाइसा. धवळे रचणारी मराठीची आद्य कवयित्री महदाइसा ही त्यांची नात्याने बहीण. या घरातील स्त्रिया परमार्थाच्या ओढीने एकामागून एक स्वामींच्या सन्निधानी आल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण पुढे आचार्यांनी स्त्रियांच्या आणि सामान्यजनांच्या स्मृतीस जे मोल दिले, त्याचे मूळ या घरात असावे.

नागदेवांचा तरुणपणीचा स्वभाव दांडगा होता असे परंपरा सांगते. अंगात बळ होते, धाडस होते, आणि शास्त्राध्ययनाची मोठी प्रतिष्ठा पाठीशी नव्हती. त्या काळी देवगिरीस यादवांचे राज्य होते. महादेवराय आणि त्यानंतर रामचंद्रराय यांच्या दरबारी विद्वानांचा गौरव होत असे आणि व्रतवैकल्यांचे मोठमोठे ग्रंथ संस्कृतात सिद्ध होत होते. त्या जगात नागदेवांसारख्या पुरुषाचे नाव पुढील पिढ्यांस कळण्याचे कारण नव्हते.

रामदेव ऊर्फ दादोस यांच्या द्वारे हे सर्व कुटुंब स्वामींच्या संपर्कात आले. नागदेव प्रथम दादोसांस गुरुस्थानी मानीत. पुढे प्रत्यक्ष स्वामींची भेट झाली. तथापि पहिल्या भेटीतच त्यांचे घर सुटले नाही. काही काळ येणे-जाणे राहिले. स्वामींच्या ठायी मन गुंतले आहे आणि संसाराची ओढही संपलेली नाही, अशा अवस्थेत त्यांचे दिवस गेले. अखेरीस त्यांनी अनुसरण घेतले आणि ते कायमचे सन्निधानी आले. जे पुढे आचार्य झाले त्यांनाही घर सोडणे सोपे गेले नाही, ही गोष्ट वाचकांस धीर देणारी आहे.

सन्निधानाचा काळ

स्वामींचे चरित्र एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत सांगितले जाते. एकांकात स्वामी एकटेच संचार करीत होते. पैठणास बाइसांची भेट झाल्यानंतर भक्तपरिवार जमू लागला. नागदेवांना सहवास लाभला तो या भक्तपरिवाराच्या काळात, आणि निरंतर सहवास लाभला तो अखेरच्या थोड्या वर्षांत.

या काळात स्वामी एका ठिकाणी स्थिर नव्हते. पैठणचे भोगनारायणाचे देऊळ, वेरूळची लेणी, गोदातीरीचे डोमेग्राम म्हणजे आजचे अहिल्यानगर जिल्ह्यातील कमालपूर, जालन्यानजीकचे हिवरळी, बीड, लोणार, नाशिक-त्र्यंबकेश्वराचा परिसर असा त्यांचा संचार होता. कोठे महिनोन्महिने अवस्थान झाले, कोठे एकच रात्र वसती झाली, कोठे मार्गात वृक्षाखाली घटकाभर आसन झाले. भक्त मागून चालत. देवळाच्या चौकात निरूपण होई, भिक्षेचे अन्न एकत्र येई, आरोगणा होई, पहुड होई आणि दुसऱ्या दिवशी पुढील गावाकडे वाट धरली जाई.

या साध्या दिनक्रमात नागदेवांचे शिक्षण झाले. स्वामी त्यांस विजनास पाठवीत आणि एकाकीपणाचा अभ्यास करवीत. सन्निधान सदैव राहणार नाही. एक दिवस असन्निधान येणार आहे, हे स्वामी जाणत होते आणि त्या दिवसाची तयारी ते शिष्यांकडून करवून घेत होते. शिष्यांना मात्र त्या वेळी ते उमगले नसावे. सहवास चालू असताना आपण कोठे बसलो, कोणत्या दाराने आत आलो, कोणत्या पारावर पाणी प्यालो, याची नोंद कोणीही ठेवीत नाही. आपल्या घरातील वडीलधारी माणसे असतात तोवर आपणही ती ठेवीत नाही.

असन्निधान आणि रिद्धपूर

शके ११९६ च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७४ साली, स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. जाण्यापूर्वी त्यांनी नागदेवादी भक्तांस रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी जाण्याची आज्ञा केली होती.

नागदेवांचे वय त्या वेळी चाळिशीच्या आत होते. ज्यांच्यासाठी घर सोडले ते दृष्टीआड झाले, आणि सोडलेल्या घरी परत जाण्याचा मार्ग त्यांनी स्वतःच बंद केलेला. अशा माणसास दोन मोह पडतात. एक, सर्व सोडून मागे फिरण्याचा. दुसरा, जेथे अखेरचे दर्शन झाले तेथेच बसून राहण्याचा. नागदेवांनी यांपैकी काहीही केले नाही. दुःख अपार होते, परंतु आज्ञा रिद्धपूरची होती. ते रिद्धपूरला गेले.

रिद्धपूर हे आजच्या अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे. जवळच्या काटसूर गावी जन्मलेले श्रीगोविंदप्रभू तेथे राहत होते. त्यांची लीळा लोकदृष्टीने वेडेपणाची. ते कोणाच्याही घरात शिरावे, कोणतेही अन्न स्पर्शावे, मुलांबरोबर खेळावे, देवळात जाऊन मूर्तींशी बोलावे, असे वागत. सर्व जातींच्या वस्त्यांत त्यांचा संचार असे. मातंगांच्या वस्तीस पाण्यावाचून हाल होत असता श्रीप्रभूंनी त्यांच्यासाठी विहिरीची जागा दाखविली, अशी लीळा आहे. ज्यांना गावच्या पाण्याचा स्पर्श वर्ज्य होता त्यांच्या दृष्टीने ती जागा किती आपली झाली असेल, याची कल्पना करावी. त्या विहिरीचे मोल कोणत्याही शास्त्राने ठरविलेले नव्हते. कोणी तरी आपल्यासाठी येथे उभा राहिला, एवढ्याने ते ठरले.

नागदेव आणि इतर भक्त सुमारे बारा वर्षे रिद्धपुरात राहिले. श्रीप्रभूंची सेवा हाच त्यांचा दिनक्रम होता. रिद्धपूर हे त्यांचे जन्मगाव नव्हते. तेथे त्यांची जमीन नव्हती आणि नातेगोतेही नव्हते. तरीही त्या गावाची प्रत्येक गल्ली, प्रत्येक देऊळ, प्रत्येक विहीर त्यांच्या स्मरणात बसली. शके १२०८ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही देह ठेवला. नागदेवांचे दुसऱ्यांदा छत्र गेले. पहिल्या वेळी कोठे जावयाचे हे स्वामींनी सांगून ठेवले होते. या वेळी पुढचे ठिकाण सांगणारे कोणी नव्हते.

स्मरणाची शिस्त

रिद्धपुरातील वास्तव्याच्या काळातच मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील एक मोठी घटना घडली. नागदेव नित्य स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा हे स्मरणाचे विषय. गोदातीरावरील सराळे गावचे पंडित म्हाइंभट हे एकेकाळी विद्येच्या अभिमानाने स्वामींशी वाद करण्यास गेलेले आणि तेथे नम्र होऊन परतलेले. पुढे ते नागदेवाचार्यांच्या परिवारात दाखल झाले. आचार्य काय आठवीत असतात हे त्यांनी जाणून घेतले, आणि या स्मृती आचार्यांबरोबर नाहीशा होऊ नयेत यासाठी त्या लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली. आचार्यांनी ती दिली. मात्र ज्या लीळांच्या प्रसंगी आपण उपस्थित नव्हतो, त्या ज्यांनी प्रत्यक्ष पाहिल्या त्यांनाच विचाराव्यात, अशी मर्यादा घातली.

या मर्यादेमुळे म्हाइंभटांस गावोगाव हिंडावे लागले. एकेका लीळेसाठी ते त्या त्या भक्ताकडे गेले. सांगणारे सर्व पंडित नव्हते. त्यांत वृद्ध स्त्रिया होत्या, गृहस्थ होते, स्वामींना एकदाच भेटलेले लोक होते. प्रत्येकाजवळ एक प्रसंग आणि त्या प्रसंगाचे एक स्थळ होते. अमुक गावी, अमुक देवळात, अमुक दिशेच्या पडवीत हे घडले, असे ते सांगत. म्हणूनच लीळाचरित्रात गावांची नावे पानोपानी येतात. कित्येक लीळांचे शीर्षकच त्या गावातील वसतीचे किंवा अवस्थानाचे आहे. स्थळ सोडून त्यांना प्रसंग आठवत नव्हता. मनुष्याची स्मृती अशीच असते. आपल्याही आजीची एखादी गोष्ट आठवू लागलो की आधी ती बसत असे तो कोपरा डोळ्यांपुढे येतो, आणि मग तिचा आवाज ऐकू येतो.

रिद्धपुरातील वाजेश्वरीच्या स्थानी म्हाइंभटांनी हे लेखन केले असे परंपरेने मानले जाते. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांच्याही लीळा म्हाइंभटांनी एकत्र केल्या. मराठी गद्याचा आरंभ या दोन ग्रंथांनी उजळला. याच स्मरणातून महाराष्ट्र शासनाने रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले. त्याचा कायदा २०२३ साली संमत झाला.

आचार्यांची भाषेविषयीची भूमिका याच धोरणाचा भाग होती. केशिराजबास हे संस्कृतचे जाणकार. त्यांनी रत्नमालास्तोत्र संस्कृतात रचले. पुढेही संस्कृतातच लिहिण्याचा त्यांचा विचार असता आचार्यांनी त्यांस थांबविले. संस्कृतामुळे आपल्या परिवारातील म्हाताऱ्या स्त्रिया वंचित होतील, ही त्यांची काळजी होती. केशिराजांनी ती मानली. सूत्रपाठ आणि दृष्टांतपाठ यांची जुळणी मराठीत झाली. ज्या स्त्रियांनी स्वामींना पाहिले होते, ज्यांच्या आठवणींवर लीळाचरित्र उभे राहिले, त्यांनाच ते ऐकून कळू नये, हे आचार्यांना असह्य होते. स्थळ ज्याचे आहे त्यालाच ते परके करणारी भाषा त्यांनी नाकारली.

स्थान म्हणजे काय

आता मूळ पेचाकडे वळू. तत्त्वज्ञानाने पाहता जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ आहेत. माती, दगड, लाकूड ही सर्व प्रपंचात येतात. ती जड आहेत, त्यांच्या ठायी स्वतःचे सामर्थ्य नाही. मग ओट्यापुढे दंडवत कशासाठी? संबंधासाठी. परमेश्वरावताराचा श्रीचरण जेथे लागला, आसन जेथे झाले, तेथील पाषाणास त्या संबंधाने वंद्यत्व येते. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार साधनांत स्थानाची गणना होते ती याच कारणाने. यात दगडाचे माहात्म्य नाही. ज्याच्या स्पर्शाने तो दगड आपणांस थांबवितो, त्याचे ते माहात्म्य आहे.

नागदेवाचार्यांचे आयुष्य पाहता या विचारास आणखी एक अंग दिसते. संबंध घडला असला तरी तो जाणणारा कोणी पाहिजे. ज्या देवळात स्वामी राहिले त्याच देवळात त्या काळी शेकडो वाटसरू उतरत असतील. त्यांच्या लेखी ती एक धर्मशाळा. नागदेवांच्या लेखी तेथील एक विशिष्ट खांब, एक विशिष्ट पायरी सर्व जगाहून निराळी. दगड एकच, पाहणाऱ्यांपैकी एकाजवळ स्मरण आहे, दुसऱ्याजवळ नाही. म्हणून स्थानाचे रक्षण दोन प्रकारे करावे लागते. ओटा बांधून, सारवून, सावली करून त्याचे एक रक्षण होते. तेथे काय घडले हे जाणून आणि पुढच्यास सांगून दुसरे होते. पहिले रक्षण चुन्याने, विटांनी होते आणि त्यास द्रव्य लागते. दुसऱ्यास मनुष्य लागतो.

घर आणि स्थान यांतील भेदही येथे स्पष्ट होतो. घर आपणांस बांधते, कारण तेथे माझे म्हणणारा मी उभा असतो. माझी भिंत, माझा हिस्सा, माझे दार. स्थानापाशी आपण जातो तेव्हा तेथे माझे असे काही नसते. तेथे कोणी तरी येऊन गेले, आणि मी त्यांचा आहे, एवढेच असते. घरातून निघालेला साधू स्थानापुढे लवतो यात विरोध नाही. परंतु स्थानापाशीही मनुष्य माझेपणा घेऊन गेला, माझ्या गावचे स्थान, आमच्या मंडळींनी बांधलेला ओटा, आमचा मान आधी, असे म्हणू लागला, तर त्याने सोडलेले घर पुन्हा तेथे बांधले असे समजावे. आपल्या सर्वांस हा दोष लागू शकतो. तो कोणा एकाचा नाही.

निंबे

श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर आचार्य परिवारासह रिद्धपूर सोडून गोदावरीच्या परिसराकडे आले. आयुष्याचा उत्तरकाल त्यांनी मुख्यतः निंबे या गावी घालविला. या काळातील त्यांच्या आठवणी स्मृतिस्थळ या ग्रंथात संकलित आहेत. ग्रंथाचे नावच विचार करावयास लावते. १९३९ साली वा. ना. देशपांडे यांनी तो प्रसिद्ध केला, पुढे शं. गो. तुळपुळे आणि अमेरिकन विदुषी ॲन फेल्डहाउस यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १९९२ साली प्रकाशित केले आणि त्यास देवाच्या अनुपस्थितीत अशा अर्थाचे नाव दिले. परदेशी अभ्यासिकेसही या ग्रंथाचे मर्म असन्निधानात आहे हे जाणवले, ही समाधानाची गोष्ट आहे.

निंबे येथे आचार्यांभोवती भिक्षुक जमत. ते भिक्षेस जात, विजनास जात, परत येत, शंका विचारीत. ज्यांनी स्वामींना पाहिले नव्हते असे तरुण आता परिवारात अधिक होऊ लागले. त्यांच्यासाठी स्वामी म्हणजे आचार्यांच्या मुखातून ऐकलेली लीळा. आचार्यांनी त्यांना आपल्याभोवती गुंतवून ठेवले नाही. अटन करावयास लावले, भिक्षेची मर्यादा शिकविली, स्मरण कसे करावे ते दाखविले. आपण हयात आहोत तोवर आपल्याकडे पाहतील, नंतर कोणाकडे पाहतील, याची त्यांना जाणीव होती. स्वामींनी जी तयारी त्यांच्याकडून करवून घेतली, तीच ते या तरुणांकडून करवून घेत होते.

याच काळात देशावर संकट आले. इ. स. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली. यादवांचे ऐश्वर्य डळमळले. आचार्यांच्या परिवाराजवळ लुटून नेण्यासारखे द्रव्य नव्हते; जे मोलाचे होते ते माणसांच्या स्मरणात आणि थोड्या पोथ्यांत होते. परंपरेनुसार शके १२२४ म्हणजे इ. स. १३०२ साली निंबे येथे आचार्यांचा देहान्त झाला. त्यांच्यानंतर बाइदेवबास आणि पुढे कवीश्वरबास यांनी परिवाराची धुरा वाहिली.

निंबे हे आचार्यांच्या वास्तव्याने ओळखले जाते. अवतारांचे माहात्म्य आणि आचार्यांचे माहात्म्य यांत शास्त्राने जो भेद केला आहे तो कायम ठेवूनही म्हणता येईल की, जेथे बसून कोणी प्रामाणिकपणे स्मरण केले ती जागाही पुढच्यांच्या मनात घर करते.

पोथी गेली, स्थाने राहिली

आचार्यांच्या पश्चात थोड्याच वर्षांत खलजींच्या पुढील स्वाऱ्यांच्या धामधुमीत म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाली, असे परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा सिद्ध करण्यात आली. हिराइसांचा पाठ या संदर्भात प्रसिद्ध आहे. म्हाताऱ्या वंचित होतील या आचार्यांच्या काळजीचे फळ येथे दिसते. ग्रंथ त्यांना कळेल अशा भाषेत होता, म्हणून तो स्त्रियांच्या स्मरणात राहिला. स्मरणात राहिला म्हणून पुन्हा लिहिता आला.

चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी स्थानांची मोजदाद हाती घेतली. त्यांची स्थानपोथी हा जगातील तीर्थवर्णनपर वाङ्मयात निराळा ग्रंथ आहे. इतर माहात्म्ये तीर्थाचे फळ सांगतात. अमुक ठिकाणी स्नान केल्यास अमुक पुण्य, अशी त्यांची रचना असते. स्थानपोथी फळ सांगत नाही. ती गावाच्या कोणत्या दिशेस देऊळ आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, चौकात कोणत्या अंगास पडवी आहे, तेथे आसन कोठे झाले आणि पहुड कोठे झाला, हे सांगते. वर्णन अलंकारहीन आहे. हरवलेल्या माणसाची खोली जशीच्या तशी ठेवणाऱ्या घरच्यांप्रमाणे मुनिव्यासांनी दारे आणि दिशा टिपून ठेवल्या. डॉ. वि. भि. कोलते यांनी हा ग्रंथ संपादून प्रकाशात आणला आणि यादवकालीन गावे व देवळे यांच्या अभ्यासकांस तो मोठे साधन ठरला. कोलते यांनीच संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले.

मुनिव्यासांनी टिपलेल्या कित्येक देवळांचा आज मागमूस नाही. गावांची नावे बदलली, नद्यांनी पात्रे बदलली. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाने गोदातीरावरील अनेक गावे पाण्याखाली घेतली. आष्ट्याच्या परिसरातील वाचकांस हे दुःख नवे नाही. कोयना आणि वारणा या धरणांसाठी सह्याद्रीतील गावे उठली आणि त्यांतील कितीतरी कुटुंबे सातारा-सांगलीच्या सपाटीवर वसविली गेली. जुन्या गावाचे नाव नव्या वसाहतीस देऊन त्यांनी ते जिवंत ठेवले. १९४७ च्या फाळणीत पंजाबातील जयकृष्णी अनुयायांचीही अशीच स्थिती झाली. देवळे सीमेपलीकडे राहिली. रिद्धपूर, माहूर आणि फलटण ही मात्र त्यांच्या मनात होती, कारण ती त्यांनी लीळांतून जाणली होती. स्थान पाण्याखाली गेले अथवा सीमेपलीकडे राहिले, तरी जोवर तेथील लीळा कोणी सांगू शकतो तोवर ते नाहीसे झाले असे म्हणता येत नाही. उलट ओटा शाबूत आहे, संगमरवर घातला आहे, आणि तेथे काय घडले हे विचारले असता कोणास सांगता येत नाही, तर ते स्थान अधिक मोठ्या संकटात आहे.

उपसंहार

आष्ट्याहून रिद्धपूर सरळ रेषेतही सुमारे सहाशे किलोमीटर दूर आहे. पैठण त्याच्या निम्म्यावर. श्रीचक्रपाणी प्रभूंचे जन्मस्थान फलटण त्यामानाने जवळ; तरी तेही शंभर किलोमीटरांच्या पुढे. स्वामींच्या भक्तपरिवाराचा संचार मुख्यत्वे गोदावरीच्या खोऱ्यात झाला, आणि आष्टा कृष्णेच्या खोऱ्यात आहे. तेव्हा आष्ट्यात बसून लीळाचरित्र वाचणाऱ्या वृद्ध वासनिकाने, ज्याला प्रवास झेपत नाही, काय करावे? आपण या स्थानांस पारखे झालो असे मानावे काय?

नागदेवाचार्यांचे चरित्र त्यास धीर देते. चाळिशीच्या आत ज्यांचे सन्निधान हरपले, त्यांनी पुढची जवळजवळ अठ्ठावीस वर्षे स्मरणावर काढली. त्यांतील बराच काळ ते पैठणात नव्हते, डोमेग्रामी नव्हते, आणि अखेरीस रिद्धपुरातही नव्हते. तरीही ती स्थळे त्यांच्यापासून दूर गेली नाहीत. ज्याने कधी वेरूळ पाहिले नाही असा श्रोता त्यांच्या मुखातून लीळा ऐकून वेरूळचा झाला. आपणही त्या श्रोत्यांच्या मालिकेत बसलेले आहोत.

आणि ज्यांना प्रवास झेपतो त्यांनी जावे. परंतु जाण्यापूर्वी त्या स्थानाची लीळा वाचून जावी, आणि सोबत घरातील एखादे मूल न्यावे. ओट्यापुढे दंडवत घातल्यावर येथे काय घडले ते त्याला आपल्या साध्या मराठीत सांगावे. ते मूल मोठे झाल्यावर तेथून जाताना त्याचे पाऊल थबकेल. कदाचित आधी त्याला सांगणाऱ्याचीच आठवण होईल. तीही योग्यच आहे. त्या आठवणीतून ते लीळेपाशी जाईल आणि लीळेतून स्वामींपाशी. आद्याचार्यांपासून आपल्यापर्यंत स्मरण याच वाटेने आले आहे.

सर्व साधुसंत आणि सद्भक्तांस दंडवत प्रणाम.